फेब्रुवारीत नाशिकच्या बागेत काय छाटायचं, काय लावायचं आणि कशाला हातच लावायचा नाही

होळी जळाली थंडी पळाली म्हणतात ते खरंच आहे, पण बागेच्या कामाला होळीपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा. आपल्याकडे वसंत अगदी थोडा मिळतो. जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या वाचतो आणि मार्च अर्धा सरत नाही तोच दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही, मधे जे पाचसहा आठवडे असतात तेवढ्यातच छाटणी, कुंड्या बदलणं, उन्हाळी बिया टाकणं हे सगळं उरकायचं असतं. सकाळचा गारठा कमी झाला आणि जास्वंदीच्या काड्यांवर हिरवे टिपके दिसायला लागले की कामाला लागायचं, तारीख बघत बसायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र कात्री हातात घ्यायच्या आधी ठरवा. ज्या झाडाला नव्या फुटव्यावर फूल येतं ते आता छाटायचं आणि ज्याच्यावर आत्ता मोहोर, कळ्या किंवा फळं आहेत त्याला सोडून द्यायचं. लोक "वसंतात छाटणी करा" असं कुठेतरी वाचतात आणि सरसकट सगळी बाग कापतात, मग लिंबाला लिंबं नाहीत आणि अनंताला कळी नाही. आपल्या द्राक्षवाल्यांकडे बघा ना, एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळांसाठी), प्रत्येक छाटणीची वेळ ठरलेली. तुमच्या अंगणातल्या मांडवावर द्राक्षाचा वेल असेल तर त्यालाही हेच लागू, आत्ता घड लागलेले आहेत, तेव्हा फळं उतरवून होईपर्यंत थांबा आणि एप्रिलमध्ये प्रत्येक काडीवर एकदोन डोळे (जिथून नवा फुटवा येतो ते उंचवटे) ठेवून खरडा.

आता मोगरा, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच दिसतो आणि सगळ्यात जास्त घाबरतात तेही इथेच. मोगऱ्याची कळी नवीन फुटव्याच्या शेंड्याला येते, त्यामुळे झाड जेवढं जुनं आणि गुंतलेलं ठेवाल तेवढी फुलं कमी. छाटणीच्या आधी आठवडाभर पाणी तोडा (कुंडीत असेल तर पानं जरा मलूल होईपर्यंतच, पूर्ण वाळवायचं नाही), मग वाळलेल्या आणि आत एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळापासून काढा आणि बाकीच्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापा. प्रत्येक काडीवर पानांच्या जोडीच्या वर, डोळ्यापासून साधारण अर्धा सेंटीमीटर जागा ठेवून काप घ्यायचा. जास्त लांब ठेवलं तर वरचा तुकडा वाळतो आणि ती वाळ खाली उतरते, अगदी चिकटून कापलं तर डोळाच मरतो. उरलेली जुनी पानं हाताने खुडून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, दिसू दे. मग वरची दोनतीन इंच माती खुरप्याने मोकळी करून दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. आठदहा दिवसांत डोळे फुगतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास कळ्या दिसायला लागतात. पहिला बहर ओसरला की परत शेंडे खुडायचे, म्हणजे पावसाळ्यापर्यंत बहर येत राहतात.

जास्वंदीला एवढं कडक कापायची गरज नाही, एक तृतीयांश पुरे, आणि तेही बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, म्हणजे मधला भाग मोकळा राहून हवा खेळते. हवा यासाठी की जास्वंदीवर पुढे उन्हाळ्यात मिलीबग म्हणजे तो पांढरा कापसासारखा किडा हमखास येतो आणि दाट फांद्यांच्या बेचक्यात लपतो. आत्ताच जुन्या बेचक्यांत बघा, दिसला तर ती फांदी काढून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. थोडा असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि चमचाभर लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा. छाटलेल्या निरोगी काड्या फेकू नका, पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीनचार डोळे असलेली सहाआठ इंची काडी घेऊन खालची पानं काढून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात सावलीत खोचून ठेवा, बऱ्याचशा लागतात.

कढीपत्त्याची थंडीत पानं पिवळी पडून गळतात, घाबरायचं कारण नाही. शेंडे कापा म्हणजे बाजूने फुटेल आणि फुलं आणि फळांचे घोस आले तर तेही काढा, आपल्याला पानं हवीत. मधुमालती आणि पारिजातक यांनाही आत्ता आटोक्यात आणता येतं. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या काढून वरचे शेंडे खुडले की ती परत भरते, घरात पाळत असतील तर रविवार आणि एकादशी-द्वादशी सोडून करा, एखाददोन दिवसांनी काही बिघडत नाही. अडेनियम थंडीभर झोपलेला असतो, तो महिनाअखेरीस छाटायचा आणि त्याच वेळी कुंडी बदलायची, पण छाटल्यावर चारपाच दिवस पाणी अजिबात नाही. त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा.

गुलाबाबद्दल मात्र सांगावंसं वाटतं. महापालिकेचा पुष्पोत्सव बघून आलं की घरी येऊन गुलाब छाटायची हुक्की येते, पण आपल्या हवेत गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची. आत्ता फक्त सुकलेली फुलं खाली, एका देठाला पाच छोटी पानं असलेल्या पहिल्या पानापर्यंत कापायची, काळ्या पडलेल्या काड्या काढायच्या आणि कलमाच्या जोडाखालून फुटलेला रानटी फुटवा जिथून निघालाय तिथूनच उपटायचा. वरून कापला तर तो दुप्पट जोमाने येतो आणि वर्षभरात मूळ गुलाबच खाऊन टाकतो. शेवंतीचा बहर संपला असेल तर मातीपासून चारपाच इंचांवर कापा आणि कुंडी अर्ध्या सावलीत सरकवा. खालून मुनवे (मुळाशी फुटणारे नवे कोंब) येतील, तेच जूनमध्ये लावायचे, म्हणून उन्हाळाभर ती कुंडी जिवंत ठेवणं महत्त्वाचं.

हात लावायचा नाही अशी मंडळी: आंबा, लिंबू, अनंत, बोगनवेल. ड्रममधल्या आंब्याला मोहोर असताना पाण्याचा मारा करू नका, फळ वाटाण्याएवढं झालं की हळूहळू वाढवा. मोहोरावर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी लवकर, कडक उन्हात नाही आणि नीम ऑइलच्या आगेमागे तर नाहीच, पानं करपतात. फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारू नका, मधमाश्या तिथेच असतात. लिंबाचे फक्त सरळ वर जाणारे, मोठ्या काट्यांचे पाणसोट काढा. बोगनवेलीचा तर हाच सीझन, तिला पाणी कमी द्या आणि बघत बसा.

अंगठ्याएवढी जाड फांदी कापली तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. घरापुरती करायची तर १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिली पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना ५० मिली पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात. चुना पाण्यात गरम होतो, त्यामुळे थंड होऊ द्या, गाळा आणि मग दोन्ही एकत्र ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून काढा, त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून हवा, नाही आला तर पेस्ट तयार. त्याच दिवशी वापरा, जुन्या ब्रशने लावा, मोरचूद विषारी आहे म्हणून लहान मुलं लांब. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पात्याला स्पिरिट पुसा.

लावायचं काय, तर वेल. काकडी, दोडका, कारलं, दुधी, आणि सोबत भेंडी, गवार, चवळी. जमीन थंड असेल तर भेंडी उगवतच नाही, म्हणून जानेवारीत टाकलेलं बी कुजलं असेल तर बियाण्याला दोष देऊ नका, आत्ता परत टाका. कारलं आणि दोडक्याचं बी टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, कोंब डोकावला की लावा. एका वेलाला निदान १५ इंची ग्रो बॅग द्या आणि मांडव आधी बांधा, वेल पसरल्यावर बांधायला गेलं की शेंडे मोडतात. सुरुवातीला नुसती नरफुलं येतात आणि गळतात, ते बरोबरच आहे, मागे छोटं फळ असलेलं फूल दिसलं की ती मादी. मधमाश्या येत नसतील तर काकडीला सकाळी आणि दोडका-दुधीला संध्याकाळी, फूल उमललेलं असताना, नरफूल हाताने टेकवा.

मेथी, पालक, कोथिंबिरीची शेवटची पेरणी याच महिन्यात उरका, मार्चपासून तुरे धरतात, त्यानंतर तांदुळजा आणि अंबाडी लावा. फुलांत झिनिया, गॅलार्डिया आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका), ही तिन्ही आपल्या उन्हात टिकतात. मे फ्लॉवरचे (लाल चेंडूसारखं फूल येणाऱ्या लिलीचे) कंद आत्ता जागे व्हायच्या आत वेगळे करून लावून टाका.

आणि माती. आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरू नका, पाणी धरते, वाळली की दगड होते आणि कडेने फटी पडून दिलेलं सगळं पाणी खालून निघून जातं. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, थोडी वाळू, बस. छाटणीतली निरोगी पानं आणि बारीक काड्या तुकडे करून कुंडीत दोन इंच आच्छादन म्हणून पसरा, खोडाला टेकू देऊ नका. ग्रीन नेट गुढीपाडव्याच्या आत बांधून घ्या, नवीन फुटवे कोवळे असतात आणि पश्चिमेचं ऊन त्यांनाच आधी जाळतं.