रॉकर कोरडे, काटा मात्र ठणठणीत: जुन्या ॲम्बॅसडरवाल्यांनो, या चुका टाळा

टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट केले तरी इंजिनाच्या वरची टकटक जात नाही, आणि ऑईल प्रेशरचा काटा तर छान उभा. अशा वेळी नाशिकमधले बहुतेक मिस्त्री पुन्हा फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, हातात घेतात. पहिली चूक तीच.

काटा खालच्या मुख्य गॅलरीतलं, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेतलं, प्रेशर दाखवतो. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे वरचे दांडे, हे कालव्याच्या टेलचे शेतकरी! १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनात तेल गॅलरीतून मेन बेअरिंगला, तिथून कॅमशाफ्टच्या बेअरिंगला, मग मागच्या कॅम बेअरिंगपासून ब्लॉक आणि हेडमधल्या बारीक भोकातून वर जातं. मागच्या ब्रॅकेटमधून ते पोकळ रॉकर शाफ्टमध्ये शिरतं आणि शाफ्टच्या भोकांतून एकेका रॉकरच्या बुशला (आतल्या धातूच्या नळीला) मिळतं. परतीची वाट पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांच्या) भोकांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत. या वाटेवर कुठेही अडलं, तरी काट्याला पत्ता लागत नाही.

म्हणून आधी टॅपेट कव्हर काढा, रॉकर फडक्याने पुसा आणि गरम इंजिन आयडलवर ठेवून बघा. कारंजं उडायची अपेक्षा नको. प्रत्येक रॉकरच्या कडेला तेल पाझरलं की पुरे. एखादा कोरडाच राहिला तर त्याचं भोक बुजलंय. सगळेच कोरडे असतील तर अडथळा खाली आहे.

सगळे कोरडे असण्याचं कारण बहुतेकदा मागच्या इंजिन कामात सापडतं. कॅमचं बुश बदलताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं नाही, की वरचं तेल बंद. हेडच्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी शेलॅक (चिकट लेप) फासायची हौस असते, तोही नेमका तेलाच्या भोकात जातो. हेड प्लेन केल्यावर (घासून सपाट केल्यावर) काहीजण ब्रॅकेटखाली पत्र्याचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालतात. चारपैकी ज्या ब्रॅकेटमधून तेल येतं, त्याखालच्या शिमला भोक पाडायचं राहतं. जोडताना ब्रॅकेटची अदलाबदल झाली तरी तेच.

शाफ्ट काढताना एक भानगड हमखास होते. रॉकर ब्रॅकेटचे मोठे नट हेडसुद्धा आवळून धरतात. ते एकटे सोडले तर हेड वाकू शकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. आधी रेडिएटर रिकामा करा, मग हेडचे सगळेच नट थोडे थोडे, क्रमाने सैल करा.

शाफ्ट हातात आला की टोकाचा स्क्रूचा प्लग काढून आत तार फिरवा. बरीच वर्षं उभ्या गाडीत आत काळा, डांबरासारखा गाळ निघतो. डिझेल घालून इंजिन ‘फ्लश’ करणं मला मुळीच पटत नाही: चेंबरमधला गाळ सुटून याच बारीक वाटांत जाऊन बसतो. चेंबर उतरवून हाताने धुतलेलं बरं. रॉकरच्या टोकावर, व्हॉल्व्ह जिथे घासतो तिथे, नख फिरवून बघा. खड्डा लागला तर फिलर गेज त्या खड्ड्यावरून पूल बांधतं आणि गॅप कमी दाखवतं. टकटक तशीच राहते. नवं बुश ठोकून घेतलंत, सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, तर तेलाचं भोक पाडलंय का आणि बुश मापात आणायला रीमर मारलाय का, हे तिथेच तपासा.

बाहेरून जादा पाइप टाकून रॉकरला तेल देण्याचा जुगाड टाळाच. वर तेलाचा पूर येतो, व्हॉल्व्ह गाइडमधून ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं, सायलेन्सर धूर काढतो, आणि बेअरिंगचं प्रेशर पडतं. कसारा घाट चढताना हे महागात पडतं. घट्ट तेलानेही टकटक दबते, पण निफाडच्या थंडीत ते वर पोचायलाच उशीर लागतो. २०डब्ल्यू-५० पुरे.

जोडणी झाली की लगेच किल्ली मारून रेस करू नका. रॉकरवर तेलाच्या कॅनने तेल सोडा, चारही स्पार्क प्लग काढा आणि कव्हर उघडं ठेवून स्टार्टरवर थांबत थांबत फिरवा. आठही रॉकर ओले झाले की मगच प्लग लावा.