ओम्नी मागून बसलीय म्हणून पासिंगला परत पाठवली? पाटे आणि बुश घरी असे बदला

ओम्नी कंपनीनं २०१९ लाच बंद केली, म्हणजे आता कोल्हापुरात शाळेची पोरं नाहीतर मार्केट यार्डातले गुळाचे रवे घेऊन फिरतीय ती प्रत्येक ओम्नी जुनीच धरायची. धंद्याची गाडी असली तर आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, घरची असली तर पंधरा वर्षांनी, आणि तिथं मागून गाडी बसलीय असं लिहून परत आली की बहुतेक जण पहिलं काय करतात तर शॉकअप बदलून आणतात. गाडी काय वर येत नाही. येणार कशी, वजन पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या स्टीलच्या कमानदार पट्ट्या पेलतात, शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो.

म्हणून आधी मोजा. गाडी रिकामी, फरशी सपाट, दोन्ही टायरात हवा सारखी. मागच्या चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंना. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलाय किंवा बुश (पाट्याच्या टोकातलं रबर) नाहीतर शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती पट्टी) खाल्लाय, दोन्ही सारख्याच खाली असतील तर पाट्यांची कमान गेलीय. मग टॉर्च घेऊन खाली वाका. पाटा बहुतेक यू बोल्टाजवळ (हे पाटे एक्सलला आवळून धरतात), सेंटर बोल्टाच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) भोकातनं चिरतो, आणि ती चीर मातीखाली दिसत नाही, त्यामुळं तारेचा ब्रश मारूनच बघायचं. बुशाचं रबर फाटून बाहेर आलंय का, शॅकल पहारीनं हलवला तर खडखडतोय का, शॉकअपच्या अंगावर तेल उतरलंय का. मागचा कोपरा जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, झोके घेत राहिली तर शॉकअप पण गेलाय.

आता नवीन पाटे की जुन्यालाच कमान काढायची? पाटा चिरलेला नसेल आणि टोकं घासून पातळ झाली नसतील तर कमान काढून घ्या, उद्यमनगरात विचारत गेलात तर करणारा मिळतोय. फक्त थंडच ठोकून काढतोय का ते उभं राहून बघा. गॅसनं लाल करून वाकवला की पाट्याचं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरतं, परत नीट पाणी दिलं नाही तर महिन्या-दोन महिन्यात गाडी आहे तिथंच येते. वेल्डिंग तर अजिबात नको. आणि "एक पाटा जादा टाकूया, लई माल बसेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, रिकामी गाडी दणके मारत चालते आणि तो दणका बॉडीच्या ब्रॅकेटला बसतो. पाटे असोत, बुश असोत, शॉकअप असोत, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. यू बोल्ट आणि त्यांचे नट नवीनच घ्या, तिथं पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतोय, मागची चाकं उचलल्यावर त्याचा काय उपयोग नाही, त्यामुळं पुढच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग उचला आणि पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपुढं बॉडीच्या जाड पट्टीला घोडी (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे माणसं मरायचं काम आहे. दुसरा जॅक एक्सलखाली.

एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू एक्सल जागेवर धरून ठेवते. शॉकअपचा खालचा बोल्ट, मग यू बोल्ट, मग एक्सलचा जॅक हळूहळू पाट्यावरचा ताण जाईपर्यंतच हलवायचा, ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का तिकडं लक्ष ठेवून. मग शॅकल, शेवटी पुढच्या डोळ्याचा (पाट्याच्या टोकाची गोल कडी) बोल्ट. बोल्ट बुशाच्या नळीत गंजून बसला असेल तर तो कापायला लागतोय, पण गॅस कटर नको, पेट्रोलची लाइन तिथंच खाली आहे, करवतीनं कापा. जुने बुश हातोड्यानं काढत बसण्यापेक्षा प्रेसवाल्याकडनं काढून नवीन बसवून घ्या. बुशाला ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं, साबणाचं पाणी पुरतं.

बसवताना उलटा क्रम. पुढचा डोळा, मग शॅकल, नट हातानंच फिरवून ठेवा. सेंटर बोल्टाचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर एक्सल तिरका राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. यू बोल्ट चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून, दोन्ही बाजूंना आटे सारखे बाहेर येतील असे आवळा. शॉकअप लावायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा दाबून सोडा म्हणजे आतली हवा निघते.

आणि बरेच फिटर चुकवतात ती गोष्ट म्हणजे डोळ्याचे आणि शॅकलचे नट गाडी वर असताना फुल आवळायचे नाहीत. चाकं लावा, गाडी खाली घ्या, मागचा भाग दोन-चार वेळा दाबा, मग आवळा. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि एखादा पावसाळा पण टिकत नाही.

परत टेप लावा, दोन्ही बाजू जुळतात का बघा. मागून गाडी उचलली म्हणजे हेडलाइटचा झोत खाली गेला, तो भिंतीवर बघून सेट करून घ्या, नाहीतर पाटे पास आणि लाइटवरनं परत पाठवतील. पासिंगला न्यायच्या आधी थोडी फिरवा, पन्हाळ्याला एक चक्कर मारलीत तरी चालतंय, चढ-वळणावर खडखड राहिली असेल तर लगेच कळते. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्टाचे नट परत एकदा आवळायचे, नवीन पाटे बसतात आणि नट थोडे ढिले पडतातच.