‘टाका’ या शब्दाचं भाषांतर: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

भाषांतराच्या कामात नव्याने येणारी मुलं-मुली बहुतेकदा अवघड शब्दांची धास्ती घेऊन येतात. कोर्टाची भाषा, औषधांची नावं, बँकेचे करारनामे. पण अवघड शब्द अडला की आपण कोश उघडतो, कुणाला तरी फोन लावतो. जो शब्द लहानपणापासून तोंडात बसलाय, त्याच्यासाठी कुणी कोश उघडत नाही आणि घोळ नेमका तिथेच होतो. म्हणून माझ्याकडे कुणी काम शिकायला आलं, की मी आधी ‘टाका’ हा शब्द पुढ्यात ठेवते. मी मराठीतून हिंदी आणि इंग्रजीत भाषांतर करते, अधूनमधून जर्मनमध्येही. शिवण-विणकामाची पुस्तिका असो, दवाखान्याचे कागद असोत की गोधड्यांची विक्रीपत्रकं, हा शब्द सगळीकडे भेटतो आणि दरवेळी वेगळी मागणी करतो.

आधी मराठीतच काय काय दडलंय ते बघा. सुईदोऱ्याचा तो टाका, अनेकवचन टाके. गडावर पाणी साठवायला कातळात खोदलेलं ते टाकं. छापताना आपण ‘टाके’ लिहितो आणि त्याचं अनेकवचन टाकी. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ती हीच. मग गच्चीवरची टाकी, तिचं अनेकवचन टाक्या. पाथरवटाच्या हातातली टाकी आणखी निराळी. यातल्या कुठल्याही शब्दाच्या अनेकवचनाला प्रत्यय लावला की सगळे एकाच रूपात येऊन मिळतात: टाक्यांना, टाक्यांचा, टाक्यांतून. त्यात ‘टाकणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ ‘टाका’ आहेच. शिवणाच्या पुस्तकात ‘शेवटी कच्चे टाके काढून टाका’ असं वाक्य सर्रास असतं. आपण ते न अडखळता वाचतो, पण यंत्राला किंवा मराठी जेमतेम येणाऱ्या माणसाला ते फोडून सांगावं लागतं.

नवख्यांना मी एक वाक्य हमखास देते: ‘टाक्यांतून पाणी येतंय.’ एवढंच. मागचं-पुढचं काही सांगत नाही. जो लगेच भाषांतर लिहून देतो त्याला थांबवते. जो विचारतो, ‘हे कोण म्हणतंय?’ त्याच्याशी पुढे बोलते. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईने डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं असेल, तर जखम पाझरते आहे आणि इंग्रजीत ‘वॉटर’ लिहून अजिबात चालणार नाही. तिथे शिवलेल्या जागेतून स्राव येतोय हे कळायला हवं, कारण तो कागद वाचून पुढचा डॉक्टर जंतुसंसर्ग झालाय का ते बघणार आहे. हेच वाक्य किल्ल्यावरच्या पाणीसाठ्याबद्दलच्या लेखात असेल, तर ते दगडातलं थंडगार पाणी आहे. सोसायटीच्या तक्रारवहीत असेल, तर प्लंबरला बोलवायचंय. शब्द तेच, व्याकरण तेच. फरक फक्त बोलणाऱ्यात आहे.

म्हणून माझा सगळा भर एका सवयीवर असतो. शब्दाचा अर्थ काय, हे विचारायच्या आधी विचारा: सुई कुणाच्या हातात आहे, आणि माझं भाषांतर वाचून कोण काय करणार आहे? शिंपी, सर्जन, विणणारी, भरतकाम करणारी, की कुणीच नाही? याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

उत्तर शोधताना शब्दाच्या सोबतचं क्रियापद फार मदत करतं. ‘टाके पडले’ म्हटलं की जखम. कापडाला टाके आपण घालतो, ते पडत नाहीत. ‘टाका उसवला’ म्हणजे बहुतेक वेळा कपडा. ‘टाका सुटला’ असं स्वेटरच्या संदर्भात आलं तर सुईवरून घर, म्हणजे लोकरीचा फास, निसटलंय आणि वीण खालपर्यंत उसवत जायची भीती आहे. ‘टाके घाला’ मात्र फसवं आहे, कारण ते तिन्हीकडे चालतं. आणि ‘त्यांचा टाका भिडला’ यात सुई नाही की दोरा. तिथे प्रेमप्रकरण जुळलंय.

आता हिंदी. मराठी माणसाला हिंदी जवळची वाटते, आणि म्हणूनच हिंदीत जास्त जपून राहावं लागतं. कपड्याचा टाका हिंदीत टाँका, जखमेचे टाके टाँके, भरतकामाचा टाकाही टाँकाच. एवढं जुळल्यावर कुणालाही वाटेल की हा शब्द डोळे मिटून लिहावा. पण विणकामात हिंदी वेगळी वाट धरते. सुईवरच्या टाक्याला तिथे फंदा म्हणतात. ‘सुईवर ४० टाके घाला’ याचं हिंदी ‘४० फंदे डालें’. आपलं ‘एक सुलट, एक उलट’ तिकडे ‘एक सीधा, एक उल्टा’. शेवटी टाके बंद करायचे तेही ‘फंदे बंद करें’. फंदा म्हटल्यावर मराठी मनाला फासच आठवतो, आणि हिंदीत तोही अर्थ आहे. त्यामुळे नवखा भाषांतरकार तो शब्द लिहायला कचरतो आणि टाँका लिहून मोकळा होतो. व्याकरण बिनचूक असतं, पण उत्तर भारतात स्वेटर विणत बसलेली बाई ते वाचून बुचकळ्यात पडते. तिने आयुष्यभर फंदेच मोजलेत.

उलट्या दिशेने येतानाही हिंदीचा टाँका सरळ नाही. विजेच्या कामाच्या हिंदी पुस्तिकेत ‘तार को टाँका लगाएँ’ असतं, तेव्हा तिथे सोल्डर करायला सांगितलेलं असतं. मराठी कोशात त्यासाठी डाख आहे, झाळणं आहे, पण आयटीआयमधला मुलगा ‘सोल्डर करा’ असंच म्हणतो आणि पुस्तिका त्याच्यासाठी आहे. जुना, अस्सल शब्द सापडल्याचा आनंद मलाही होतो. तो कथेत वापरावा. ज्याच्या हातात तापलेली सोल्डरिंग गन आहे त्याला मात्र त्याचा रोजचा शब्द द्यावा.

जर्मनमध्ये तर पहिल्या पायरीपासून वाटा फुटतात. शिवणाचा आणि भरतकामाचा टाका ‘श्टिख’, विणकामाचा ‘माशं’. गोधडीवरच्या धावदोऱ्याला ‘फोरश्टिख’ म्हणतात, कच्च्या टाक्याला ‘हेफ्टश्टिख’. गोधड्या बनवणाऱ्या बायकांचं पत्रक तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी करताना हे वेगळेपण उपयोगी पडतं, कारण धावदोरा हा गोधडीचा प्राण आहे. तो हाताने, थरांतून आरपार घातलेला आहे हे गिऱ्हाइकाला कळलं तरच किमतीचा अर्थ लागतो. अशा ठिकाणी एका शब्दावर भागवू नका. ‘हाताने घातलेला, सगळ्या थरांतून जाणारा’ असं एक वाक्य जोडायची परवानगी मागून घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात.

दवाखान्यात आणखी एक गंमत आहे. आपण टाके काढतो. जर्मन माणूस धागे ओढतो, म्हणजे ‘फेडन’ काढून घेतो. जपानीतही टाके काढायच्या शब्दात धागाच आहे, आणि जखमेला किती टाके पडले हे मोजायला ते सुई या अर्थाचंच अक्षर वापरतात. एकाच कृतीत कुणाला टाका दिसतो, कुणाला धागा, कुणाला सुई. हे एकदा लक्षात आलं की शब्दाला शब्द लावायची ओढ आपोआप कमी होते.

इंग्रजीत डॉक्टर आपसात ‘सूचर’ म्हणतात आणि रुग्णाशी बोलताना ‘स्टिचेस’. सूचर म्हणजे टाकाही आणि तो घालायचा धागाही, त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना ‘टाके’ लिहायचं की ‘टाक्यांचा धागा’, हे वाक्य बघून ठरवावं लागतं. औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्णाचं संमतीपत्र मराठीत होतं, तेव्हा ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात. त्या माणसाने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं. मग दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून तपासतात. मूळ शब्दाचा अर्थ ‘शरीरात शोषला जाणारा’ असेल आणि आपण ‘विरघळणारे टाके’ लिहिलं असेल, तर परतीच्या भाषांतरात वेगळा शब्द येतो आणि खुलासा मागितला जातो. त्याने घाबरू नका. मराठी रुग्णाला विरघळणारे टाके म्हटलेलं कळतं, दवाखान्यात तोच शब्द चालतो, हे दोन ओळींत शांतपणे लिहून पाठवा. आपल्या निवडीमागचं कारण सांगता येणं हा या धंद्यातला पोटापाण्याचा गुण आहे.

क्रोशाबद्दल थोडक्यात, पण नीट लक्षात ठेवा. मराठीत साखळी, मुका खांब, खांब असे सुंदर शब्द आहेत. इंग्रजीत जाताना गिऱ्हाईक ब्रिटनचं की अमेरिकेचं हे आधी विचारा. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आहे आणि ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. आपला खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. म्हणजे ‘डबल’ हा एकच शब्द दोन देशांत दोन वेगळे टाके सांगतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कुठली पद्धत वापरली ते लिहिलं नाही, तर टोपी बाहुलीला बसेल की बापाला, याची खात्री देता येत नाही.

शब्द शोधायचे कुठे? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने आला. असे कितीतरी कोश आता बृहद्कोश या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. शब्दाची लांबी-रुंदी मापायला यांच्यासारखं दुसरं काही नाही, आणि रोज एखादं पान वाचायची सवय मी सगळ्यांना लावते. पण आजचा कारागीर काय म्हणतो हे कारागिराकडूनच कळतं. विणकाम शिकवणारे हिंदी व्हिडिओ आवाज मोठा करून ऐका. जर्मन लोकरीच्या गुंड्यांवरच्या सूचना वाचा. शिंप्याच्या दुकानात बसा. तिथे तुम्हाला ‘टीप’ भेटेल. मशिनीवर मारतात ती टीप, पानाच्या तळाशी असते ती टीप, आणि पोलिसांना मिळते तीही टीप. ‘कडेने दोन टिपा मारा’ याचं भाषांतर करणाऱ्याने एकदा तरी कुणाला टीप मारताना पाहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

सापडलेलं लिहून ठेवताना शब्दापुढे शब्द अशी यादी करू नका. माझ्या वहीत आधी पूर्ण मराठी वाक्य असतं, मग सुई कुणाच्या हातात, मग दुसऱ्या भाषेतलं वाक्य, आणि हे कुणी किंवा कशाने पक्कं केलं त्याची नोंद. पहिल्या रकान्यात नुसतं ‘टाका’ असेल, तर सहा महिन्यांनी त्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही.

भाषांतराची सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ही वही आणखी गरजेची. ही सॉफ्टवेअर आधीचं भाषांतर जपून ठेवतात आणि तेच वाक्य पुन्हा आलं की आपोआप भरतात. लांब वाक्यांना ते ठीक आहे. एका शब्दाच्या ओळीला मात्र घातक. भरतकामाच्या ॲपमध्ये ‘टाका’ हे टाक्याच्या प्रकाराचं नाव असू शकतं आणि फोटोखालचं बटणही असू शकतं. ॲपच्या फाइलमध्ये संदर्भाची ओळ लिहायची सोय असते. ती रिकामी दिसली तर काम सुरू करायच्या आधी पडद्याचे फोटो मागवा. मागायला लाजू नका. अनुभवी माणसं जास्त प्रश्न विचारतात, आणि काम देणाऱ्यालाही ते माहीत असतं. प्रश्न मात्र एकेक न पाठवता एकत्र करून पाठवा, आणि प्रत्येकापुढे ‘मला असं वाटतं’ म्हणून आपलं उत्तर लिहा. समोरच्याला नुसतं ‘हो’ म्हणता आलं पाहिजे.

दुसऱ्याकडून तपासून घेणं ही काही मेहेरबानी नव्हे. भाषांतर सेवेसाठीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि भाषांतर ताडून पाहणं बंधनकारक आहे. एकट्याने काम करत असाल तर एखादी जोडीदारीण शोधा, एकमेकींचं तपासा. विणकामाची पुस्तिका असेल तर जोडीदारीण विणणारी असली तर उत्तमच. तिला सुया घेऊन बसवा आणि तुमच्या हिंदी सूचनांवरून पहिल्या चार ओळी विणायला सांगा. टाके मोजून ४० भरले, तर भाषांतर जमलं.

राहता राहिले पैसे. आपल्याकडे दर बहुधा मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरतो. मराठीतून इंग्रजीत जाताना त्यात आपलं नुकसान होतं, कारण ‘टाक्यांमधल्या’ हा मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. म्हणून मराठी मूळ असेल तेव्हा दर थोडा चढा सांगा, किंवा भाषांतराच्या शब्दांवर मोजायची अट घाला. पुस्तिकेतल्या आकृत्यांवरचे शब्द, तक्ते आणि संक्षेप वेगळे मोजले जाणार की नाही, तेही काम हाती घेण्याआधी लेखी ठरवून घ्या. विणकामाच्या पुस्तिकेत अर्धा वेळ संक्षेपांतच जातो.