चपटा सेल आणि घरातलं लहान मूल: या चुका टाळा

गेल्या गणपतीत आमच्या मालवणकडच्या घरी माटवीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) सेलवर मिणमिणणाऱ्या प्लास्टिकच्या पणत्या लावल्या होत्या. आरतीच्या गडबडीत एक पणती उलटी पडलेली दिसली. बुडाचं झाकण उघडं, आतला चपटा बटणसेल गायब आणि शेजारी नणंदेचा दीड वर्षांचा मुलगा. आम्ही पाऊण तास घर झाडत बसलो. शेवटी एक्स-रे काढला, सुदैवाने आत काही नव्हतं. सेल विसर्जनानंतर पाटाखाली मिळाला. पण तो पाऊण तास आठवला की अजून पोटात गोळा येतो. सेल सापडत नसेल तर मुलाने गिळला असं धरूनच निघायचं, शोधाशोध मागे राहिलेल्यांनी करावी.

"संपलेला आहे, काय होतंय?"

रिमोट चालेनासा झाला तरी सेलमध्ये इजा करण्याइतकी वीज उरते. पणतीत, गाडीच्या चावीत, वजनकाट्यात असतो तो सीआर 2032 हा 20 मिलिमीटरचा, म्हणजे नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. तिथे ओल्या मांसाला टेकला की वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं तीव्र क्षार तयार होतं. सेल फुटायची, गळायची गरजच नाही. दोन तासांत आतून खोल भाजतं.

केळं, मीठपाणी, खोबरेल

आमच्याकडेही म्हातारी म्हणालीच, "केळां घाल तेका, सकाळपर्यंत पडतला." मायेने सांगितलेलं असलं तरी ऐकू नका. केळं, भात काही भरवू नका, मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर खोबरेल किंवा कसलेही थेंब टाकू नका. ओल मिळाली की तो जास्तच भाजतो.

अपवाद मधाचा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही.

जवळच्या दवाखान्यात "बघून घेऊ"

आपल्याकडे दोन तास रस्त्यातच सरतात. म्हणून 108 ला किंवा रुग्णालयात फोन करून सरळ विचारा: एक्स-रे आणि लहान मुलाच्या घशातून दुर्बिणीने सेल काढायची सोय आहे का? सिंधुदुर्गातून ओरोसच्या सरकारी रुग्णालयात जावं की थेट गोव्यात बांबोळीच्या, हे त्या उत्तरावर ठरवा. पोचल्यावर "काहीतरी गिळलंय" असं मोघम न सांगता "बटणसेल असू शकतो" असं सांगा. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं.

मूल खेळतंय म्हणून निर्धास्त राहू नका. कधी फक्त लाळ गळते, खोकला येतो, जेवण नको होतं, कधी काहीच दिसत नाही.

गंजलेला स्क्रू

खाऱ्या हवेत खेळण्यांचे स्क्रू गंजतात, मग आपण झाकणाला रबरबँड लावतो. ते खेळणं मुलाच्या हाती देऊच नका. जत्रेतली बिनस्क्रूची चमचमती खेळणी तर घरात आणूच नयेत, या मताची मी आहे. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा. परसात पातेरा (पालापाचोळा) जाळताना त्यात टाकू नका, तो फुटतो.

आणि सेल निघाला तरी भाजलेली जागा पुढे आठवडेच्या आठवडे खोल जाऊ शकते. उलटीत रक्त दिसलं किंवा शी काळी डांबरासारखी झाली, तर त्याच घटकेला पुन्हा रुग्णालय गाठा.