परदेशातल्या पहिल्या घरात पांढरा: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

घराची किल्ली हातात आली की पहिल्याच आठवड्यात रंग आणायची घाई होते. तेवढी टाळा. पांढऱ्याचं सगळं गणित उजेडावर असतं आणि नव्या देशातला उजेड तुमच्या सवयीचा नसतो. आधी दिवे बदला, मग कापड निवडा, भिंतींना हात त्यानंतर. भाड्याच्या घरात बहुतेकदा रंगापर्यंत जायची वेळच येत नाही.

उत्तर गोलार्धात उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत थेट ऊन जवळपास येत नाही, तिथला उजेड निळसर असतो. त्यात निळी किंवा राखाडी झाक असलेला पांढरा लावला की भिंत करडी आणि उदास दिसते. तिथे पिवळसर किंवा मोतिया झाक हवी. दक्षिणेकडच्या खोलीत थंड पांढराही खपून जातो. दक्षिण गोलार्धातल्या देशात आला असाल तर हे सगळं उलट धरा, कारण तिथे ऊन उत्तरेकडून येतं. अंगवळणी पडलेल्या दिशा हमखास फसवतात. खिडकीसमोर काय आहे तेही बघा. लाल विटांची भिंत समोर असेल तर पांढऱ्यावर गुलाबी छटा चढते, दाट झाडं असतील तर हिरवट.

विषुववृत्तापासून लांबच्या देशांत हिवाळ्याचा दिवस इतका लहान असतो की घर तुम्ही बल्बखालीच जास्त बघणार. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो, तो जितका कमी तितका उजेड पिवळसर, जितका जास्त तितका निळसर. बसायच्या आणि झोपायच्या खोलीला २७०० ते ३००० ठीक, स्वयंपाकघराला ४००० चालतो. ६५०० चा बल्ब रात्री सगळं निळसर करतो. पांढरं घर नकोसं वाटण्यामागे बऱ्याचदा हाच बल्ब असतो. एका खोलीत दोन वेगवेगळे आकडे ठेवलेत तर एकाच रंगाच्या दोन भिंती दोन रंगांच्या दिसतील. खोक्यावर सीआरआयही बघा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो ९० किंवा वरचा घ्या.

आता कापड. कोरी पांढरीशुभ्र चादर खिडकीपाशी मोतिया भिंतीला लावून बघा, भिंत मळकी वाटेल. दोष भिंतीचा नसतो. चादरीत चकाकी आणणारं द्रव्य घातलेलं असतं, ते दिवसाच्या उजेडातले अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. बहुतेक एलईडी दिव्यांत ते किरण नसतात, म्हणून रात्री तीच चादर भिंतीशी बरी जुळते. मोतिया भिंतींसोबत ब्लीच न केलेलं सुती किंवा लिनन घ्या, भांडण मिटतं. पडद्याचं कापड दांडीच्या लांबीच्या दोन ते अडीच पट लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत. सुती कापड आधी धुऊन मगच खालची पट्टी शिवा, ते आटतं.

सोफा काढता येणाऱ्या खोळींचाच घ्या आणि सगळ्या खोळी एकदम धुवा. एकटी उशी सतत धुतली तर तिची छटा बाकीच्यांपासून वेगळी पडते. नळाचं पाणी जड असेल तर पांढरे कपडे राखाडी होत जातात. पावडरच्या पाकिटावर जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असतं, ते वापरा. लोकर आणि रेशीम क्लोरीनच्या ब्लीचने पिवळं पडतं.

सगळं गुळगुळीत पांढरं असेल तर नजर कुठेच टिकत नाही. जाड विणीचा गालिचा, वेताची टोपली, न रंगवलेलं लाकूड असं काहीतरी सावली धरणारं हवं.

एवढं करूनही भिंत रंगवायचीच असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, जाताना जुना रंग परत द्यावा लागेल का तेही त्यातच लिहून घ्या आणि आधीचे फोटो काढून ठेवा. नमुना थेट भिंतीवर लावू नका, जुना रंग नजर फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो चारही भिंतींपाशी सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा. ४ बाय ३ मीटरच्या आणि २.४ मीटर उंचीच्या खोलीत दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३० चौरस मीटर भिंत उरते. एका लिटरमध्ये एका हाताला १० ते १२ चौरस मीटर होतात, म्हणजे दोन हातांना ५ ते ६ लिटर. दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करून घ्या.

पाण्याचे किंवा सिगारेटच्या धुराचे डाग रंगाखाली दबत नाहीत, पिवळे होऊन वर येतात. आधी डाग रोखणारा प्रायमर लागतो. बुरशीवर तर रंग मारूच नका. थंड देशात बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं की मागे दमट हवा कोंडून बुरशी परत येते, म्हणून निदान ५ सेंटिमीटर जागा सोडा. घर फार जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं, तपासल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नका. पांढऱ्यावर पांढरा मारताना कुठे सुटलं ते समोरून दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा, कोरडे पट्टे लगेच उठून दिसतात. भिंतींना मॅट, म्हणजे चमक नसलेला रंग बरा, उंचवटे झाकतो. दारं-चौकटींना पाण्याचा सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेला घ्या. ऑइल पेंटचा पांढरा उजेड नसलेल्या जागी, कपाटाच्या आत किंवा दारामागे, पिवळा पडत जातो.

उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरा, वर छटेचं नाव आणि खोली लिहा. थंडीत ती बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका, पाण्याचा रंग गोठला की गुठळ्या होतात आणि मग तो टचअपच्याही कामाचा राहत नाही.