दुकानात जाऊन नुसतं "सोफा पाहिजे" म्हणू नका

आमच्या जळगावकडे हॉलमध्ये बसायला जे काही असेल त्याला सरसकट सोफाच म्हणतात. घरात चालून जातं, पण ऑर्डर देताना नाव चुकलं की टेम्पो दारात उभा आणि आपण डोकं धरून बसलेलो.

सगळ्यात मोठा घोळ एल सोफ्याचा. पाय पसरायला जो लांब भाग असतो त्याला दुकानदार लाउंजर म्हणतात. आता तो डावीकडे का उजवीकडे हे सोफ्यासमोर उभं राहून सांगायचं का सोफ्यावर बसून, उत्तर उलटंच येतं ना भो! मी फोनवर "राइटचा द्या" म्हटलं, मी मनात बसलेलो होतो आणि दुकानदार उभा, झालं, लाउंजर बरोबर गॅलरीच्या दाराला आडवा. अजून आम्ही कपडे वाळत घालायला तिरके होऊन जातो. म्हणून कागदावर हॉल काढा, दार-खिडकी-टीव्ही दाखवा आणि फोटो व्हॉट्सॲप करा, डावं-उजवं बोलूच नका.

थ्री प्लस वन प्लस वन म्हणजे तिघांचा एक आणि एकेकट्याचे दोन. दोघांचा तो टू सीटर, कॅटलॉगात त्याला लव्हसीट लिहितात, वडिलांसमोर मोठ्याने वाचू नका फक्त.

दिवाण म्हणजे भिंतीला लावायचा पलंग, वर गादी, लोड-तक्के आणि बहुतेक वेळा खाली सामानाची पेटी. शब्द फारसीतून आलाय (सोफा मूळचा अरबी). सेटी म्हटलं की आपल्याकडे अरुंद पलंगच डोळ्यासमोर येतो, पण ऑनलाइन सेटी टाका, पाठ आणि हात असलेला छोटा सोफा निघतो. आईला दुपारी आडवं व्हायला पाहिजे असेल तर दिवाणच सांगा. सोफा कम बेड वेगळा, तो रात्री ओढून पलंग करायचा, समोरचा टीपॉय रोज हलवायची तयारी असेल तरच घ्या.

पफी म्हणजे बिनपाठीचं गुबगुबीत स्टूल. ऑटोमन जवळपास तेच, काहींत झाकण उघडून चादरी ठेवता येतात. रिक्लायनरची पाठ मागे जाते, त्यामुळे भिंतीपासून किती जागा सोडायची ते आधी विचारा.

बंगई म्हणजे घरातला झोपाळा पाहिजे असेल तर नुसतं स्विंग म्हणू नका, वेताचं एकट्याने बसायचं अंडं दाखवतील. कड्यांची लाकडी फळी असं सांगा, आणि स्लॅबला हुक आहेत का ते आधी बघा.

आणि हो, नावासोबत कापड का रेग्झिन तेही बोला. आमचं रेग्झिन आहे, मे महिन्यात 45 डिग्रीला पाठ चिकटते, मग सगळे खाली, जळगावच्याच प्लास्टिकच्या चटईवर, सोफ्याला टेकून.