ऑनलाइन दुकान देखणंही हवं आणि सोपंही: काच आणि गल्ला वेगळे ठेवा

नागपुरात बर्डीवरच्या कापड दुकानात सजावट असते ती काचेत. गल्ल्यावर कुणी झिरमिळ्या लावत नाही. तिथे बिल, सुटे पैसे आणि पिशवी एवढंच. वेबसाइट करताना मात्र गल्ल्यावरही झिरमिळ्या लागतात आणि गिऱ्हाईक पैसे न देताच परततं. इतवारीतलं एखादं दुकान करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या) टसर रेशमाच्या साड्या ऑनलाइन विकायला काढतंय असं धरू आणि क्रमाने जाऊ.

१. आधी पेन्सिल, रंग नंतर. कागदावर मोबाइलच्या आकाराच्या पाच चौकटी काढा: होमपेज, साड्यांची यादी, एका साडीचं पान, कार्ट, पैसे भरणं. आत फक्त शब्द आणि चौकोन. घरातल्या कुणाला तरी बोटाने या कागदावरून साडी ‘विकत घ्यायला’ सांगा. बोट जिथे थबकेल तिथला शब्द किंवा जागा बदला. संगणकावर चढवताना ३६० पिक्सेल रुंदीपासून सुरुवात करा. मोठ्या पडद्याचं नंतर बघता येतं.

२. सगळी हौस फोटोत भागवा. साडीच्या बाबतीत फोटो हाच माल, त्यामुळे इथे देखणेपणा आणि सोय यांचं भांडणच नाही. फोटो खिडकीच्या मऊ उजेडात काढा आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की टसरचा मधासारखा रंग हिरवट किंवा पिवळट दिसतो आणि ‘फोटोतला रंग वेगळा होता’ म्हणून साडी परत येते. पहिल्या फोटोत पांढरा कागद ठेवा, त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी) ठरवा आणि तोच सगळ्या साड्यांना ठेवा. प्रत्येक साडीचे पाच फोटो हवेत: पूर्ण साडी, पदर, उलटी बाजू, नेसलेली साडी आणि काठ इतक्या जवळून की करवतीचे दाते मोजता यावेत.

फोटोची लांब बाजू १२०० ते १६०० पिक्सेल, फाइल वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार), वजन २०० केबीच्या आत. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहा. नाहीतर फोटो उशिरा उतरतो, पान खाली सरकतं आणि भलतंच बटण दाबलं जातं. होमपेजवरचा आपोआप सरकणारा स्लाइडर काढूनच टाका. वाचून होण्याआधी पळणारी पाटी कोणत्या दुकानदाराने लावली असती?

३. केशरी रंग जपून वापरा. नागपूर म्हटलं की संत्रं, आणि संत्रं म्हटलं की केशरी बटणावर पांढरी अक्षरं. गडद केशरी (लाल २४५, हिरवा १२४, निळा ०) आणि पांढरा यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, जेमतेम २.७:१ भरतो, साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५:१ लागतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली तर तो ७ च्या वर जातो. म्हणजे रंग तोच ठेवा, शाई बदला. आणि केशरी फक्त ‘खरेदी करा’ या बटणाला द्या. सवलतीची पट्टी, मेन्यू, चिन्हं सगळंच केशरी झालं तर बटण त्यात हरवतं.

४. देवनागरीची गरज वेगळी. इंग्रजी थीममध्ये ओळींची उंची बहुधा अक्षराच्या १.२ ते १.४ पट असते. त्यात वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार कापले जातात, १.६ ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, फक्त दोन जाडींत. प्रत्येक जादा जाडी म्हणजे डाउनलोडला आणखी एक फाइल.

५. गल्ला कोरा ठेवा. पैशांच्या पानावर बॅनर नको, पॉप-अप नको, खातं उघडायची सक्ती नको. नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता, जवळची खूण एवढं पुरे. पिनकोडवरून शहर आणि राज्य भरून द्या, पण खोडता येऊ द्या. रकान्याचं नाव रकान्याच्या वर लिहा. आत लिहिलेलं टाइप करताच नाहीसं होतं. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनचा सफारी पान मोठं करतो आणि मांडणी हलते. बटणाची उंची ४८ पिक्सेल ठेवा.

यूपीआयसाठी मोबाइलवर नुसता क्यूआर दाखवू नका. स्वतःच्याच पडद्यावरचा कोड गिऱ्हाईक कॅमेऱ्याने कसा टिपणार? थेट ॲप उघडणारं बटण द्या आणि व्यवहार फसून परत आल्यावर कार्ट भरलेलीच राहू द्या.

डिलिव्हरीचा खर्च साडीच्या पानावरच सांगा. शेवटी वाढणारी किंमत आणि न विचारता कार्टमध्ये घुसवलेली वस्तू हे दोन्ही २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध आहे. आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती घेण्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच मनाई आहे.

६. पाच जणांना बसवा. वेबसाइट न पाहिलेले पाच जण, स्वस्तातला अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा. काम एकच द्या: ‘वर्ध्याच्या मावशीला साडी पाठवा, बिल तुमच्या नावाने.’ तुम्ही गप्प राहा. दोन जण एकाच जागी अडले तर आधी ती जागा दुरुस्त करा. एक फेरी दुपारी अंगणात घ्या: तुम्ही सावलीत उभे राहिलात तरी चालेल, पडद्यावर मात्र ऊन पडू द्या. फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेली किंमत तिथे दिसतच नाही.